आधी विमान उडवा: नव्या वैमानिकांसाठी बिघाड आणि आणीबाणीची तयारी

माझे उड्डाणाचे जेमतेम सत्तर तास झाले होते. सेस्ना १७२, मी एकटी, सर्किटचा (धावपट्टीभोवतीच्या फेरीचा) सराव. टेकऑफनंतर चारेकशे फुटांवर उजवं दार खाडकन उघडलं. वाऱ्याचा घोंगाट, मांडीवरचा चार्ट उडून मागे, आणि मी पट्टा ताणून त्या दाराकडे झेपावले. दार काही लागेना. दोन-तीनदा ओढलं, मग वर पाहिलं तर क्षितिज तिरकं, विमान उजवीकडे कललेलं आणि वेग उतरत चाललेला. दार सोडलं, विमान सरळ केलं, सर्किट पुरं केलं आणि उतरले. खाली सरांनी दोनच प्रश्न विचारले. "दार उघडंच राहिलं असतं तर काय झालं असतं?" काही नाही, वारा लागला असता. "बरं. आणि तू दार ओढत होतीस तेव्हा विमान कोण उडवत होतं?"

पुढे जे काही शिकले ते या दुसऱ्या प्रश्नाच्या आसपासच. अंधेरीच्या क्लासमध्ये डीजीसीएचे (वैमानिक परवान्याच्या सरकारी परीक्षेचे) पेपर काढून धुळ्याला, बारामतीला पहिल्यांदा उडायला निघालेल्यांसाठी आणि टाइप रेटिंगच्या (एका ठरावीक मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणाच्या) सिम्युलेटरच्या दारात उभ्या असलेल्यांसाठी हे लिहिते आहे. पुस्तकातलं सगळं पाठ असतं, आणि पहिल्याच घंटीला हात भलतीकडे जातो. एक गोष्ट आधीच सांगते: इथले आकडे समजण्यापुरते. तुमच्या विमानाचं मॅन्युअल आणि तुमच्या संस्थेचे नियम यांच्यापुढे माझं काही चालत नाही.

काय काय जवळ हवं

- तुमच्याच विमानाच्या हँडबुकमधला इमर्जन्सीचा विभाग, चालू आवृत्तीचा. एअरलाइनमध्ये असाल तर क्यूआरएच (बिघाडाच्या चेकलिस्टांचं झटपट पुस्तक). व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारी पीडीएफ वापरू नका. १७२ च्याच वेगवेगळ्या मॉडेलांचा ग्लाइडचा (इंजिनाविना तरंगत उतरण्याचा) वेग वेगळा असतो, एकात ६५ नॉट, दुसऱ्यात ६८.
- कॉकपिटचं खऱ्या मापाचं पोस्टर. दादरला फ्लेक्स छापणाऱ्याकडून करून घेतलं तर स्वस्तात होतं. तो विचारेल "वाढदिवसाचा का?", हो म्हणा.
- गुडघ्याला बांधायचं पॅड आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. न बांधलेली पेन्सिल पेडलखाली जाते, आणि ती काढायला वाकणं ही नवीच आणीबाणी.
- घड्याळ, सेकंदकाट्याचं.
- परवाना, मेडिकल, रेडिओचा परवाना, ओळखपत्र. आणीबाणीनंतर पहिल्या तासाभरात हेच मागितले जातात.

१. लाल आणि पिवळा यांतला फरक अंगात मुरवा

बिघाड म्हणजे आणीबाणी नव्हे. अल्टरनेटर गेला, एक हायड्रॉलिक सिस्टिम गेली, फ्लॅप अडकले, हे बिघाड. ए३२० या एअरबसच्या प्रवासी विमानात यांना पिवळा दिवा आणि एकच घंटी. लाल दिवा आणि न थांबणारी घंटी म्हणजे लगेच काहीतरी करायला हवं. लगेच म्हणजेही अर्ध्या सेकंदात नव्हे.

खरोखर वेळ नसतो अशा गोष्टी मोजक्या: स्टॉल (पंखांची उचल जाणं), विंडशिअर (वाऱ्याचा वेग-दिशा अचानक बदलणं), जमीन जवळ आल्याचा इशारा, दुसरं विमान अंगावर येत असल्याचा इशारा, वेगाचे काटे खोटं बोलू लागणं, केबिनमधली हवा जाणं. यांच्या पहिल्या कृती पाठच हव्यात, त्यांनाच मेमरी आयटम म्हणतात. ३५,००० फुटांवर केबिनचा दाब गेला तर शुद्धीत राहून काम करायला साधारण ३० ते ६० सेकंद मिळतात. म्हणून पहिली कृती आपला मास्क. प्रवाशांचे, खाली उतरण्याचे, रेडिओचे सगळे विचार त्यानंतर. २००५ च्या ऑगस्टमध्ये सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या हेलिओसच्या विमानात दाबाचा स्विच मॅन्युअलवर राहिला होता. इशारा वाजला, पण वैमानिकांना तो वेगळ्याच बिघाडाचा वाटला. तो सोडवता सोडवता त्यांची शुद्ध हरपली. १२१ माणसं गेली.

२. खुर्चीवर उडा

पोस्टर भिंतीला लावा, समोर खुर्ची ठेवा आणि मोठ्याने बोलत हात हलवा. मनातल्या मनात म्हटलेली चेकलिस्ट खरी वेळ आली की आठवत नाही, हाताला सवय झालेली आठवते. आमच्या पार्ल्याच्या घरात रोज पहाटे मी "थ्रस्ट लीव्हर आयडल, इंजिन मास्टर ऑफ, फायर पुशबटन पुश" असं घोकायचे. शेजारच्या काकूंना आठवडाभर वाटत होतं, मी अथर्वशीर्षाची आवर्तनं करते आहे.

सापळा इथे एकच: वेगाने म्हणण्याची शर्यत. सिममध्ये मी इंजिनाच्या आगीचं ड्रिल असं धडाधड केलं की आग विझवणाऱ्या वायूची पहिली बाटली सोडण्याआधीचे दहा सेकंदच खाऊन टाकले. ए३२० मध्ये फायर पुशबटन दाबल्यावर दहा सेकंद थांबायचं असतं. त्या वेळात इंजिन मंदावतं आणि आत खेळणारी हवा कमी होते, मग आग विझवणारा वायू तिथे टिकतो. तरी आग राहिली तर तीस सेकंदांनी दुसरी बाटली. थांबणं हाही ड्रिलचाच भाग आहे. खुर्चीवर बसूनसुद्धा ते दहा सेकंद खरोखर मोजा.

३. काही निर्णय जमिनीवरच उरकून टाका

टेकऑफच्या आधीचं ब्रीफिंग पोपटासारखं म्हणू नका. आज वारा कुठून, धावपट्टी ओली का, इंजिन इथे गेलं तर समोर काय आहे, हे त्या दिवसापुरतं ठरवा. मोठ्या विमानात व्ही-वन हा वेग ठरलेला असतो. तोपर्यंत थांबता येतं, त्यानंतर उडायचंच. त्यातही ए३२० वर १०० नॉटनंतर बारीकसारीक पिवळ्या दिव्यासाठी थांबत नाहीत. त्या वेगात जोरात ब्रेक मारणं हाच मोठा धोका असतो.

छोट्या विमानात एक साधी तपासणी जीव वाचवते: धावायला लागल्यावर वेगाचा काटा हलला का? पावसाळ्यात दोन दिवस उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाच्या पिटो नळीचं (वेग मोजणाऱ्या नळीचं) कव्हर आमच्याकडे कोणीतरी काढून ठेवलं होतं आणि परत घातलंच नव्हतं. कुंभारीण माशीने त्यात मातीचं घर केलं. फेरी मारून तपासताना मी नळीकडे पाहिलं होतं, आत पाहिलं नव्हतं. विमान धावू लागलं, काटा शून्यावर. "स्पीड नाही" असं मोठ्याने म्हटलं, थ्रॉटल ओढला, थांबले. पुढे भरपूर धावपट्टी होती, म्हणून गोष्ट एवढ्यावर संपली. हवेत गेल्यावर हेच झालं तर? नाकाचा ठरावीक कोन आणि इंजिनाची ठरावीक ताकद. या जोडीचे आकडे तुमच्या विमानासाठी पाठ हवेत. २००९ मध्ये अटलांटिकवर एअर फ्रान्स ४४७ च्या पिटो नळ्यांत बर्फ अडकला, तो मिनिटभरात सुटलाही. पण तेवढ्यात विमानाचं नाक वर खेचलं गेलं होतं, आणि शेवटपर्यंत ते स्टॉलमधून बाहेर आलं नाही.

४. पहिले दहा सेकंद: हात आवरा

जुने वैमानिक म्हणायचे, घंटी वाजली की आधी घड्याळाला चावी दे. चावीने इंजिन दुरुस्त होत नाही, पण हात कुठेतरी गुंततो आणि डोकं ताळ्यावर यायला वेळ मिळतो. आमचे सर म्हणायचे, "उजवा हात मांडीवर." पंख सरळ, वेग योग्य, दिशा ठीक. हे तीन झाल्याशिवाय दुसरं काही नाही. ऑटोपायलट चालू असेल तर त्याला काम करू द्या, त्यात कमीपणा नाही. मोठ्या विमानात इंजिन गेल्यावर ४०० फुटांच्या खाली चेकलिस्टला हात लावत नाहीत, नुसतं उडवतात.

हे सोपं वाटतं. १९७२ च्या डिसेंबरात मायामीजवळ ईस्टर्न ४०१ च्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. कॉकपिटमधली सगळी माणसं त्या इवल्याशा बल्बमागे लागली. मध्येच ऑटोपायलटची उंची धरून ठेवण्याची सोय सुटली आणि विमान हळूहळू दलदलीत उतरलं. चाक नीट खाली आलेलं होतं. बल्ब गेला होता. शंभराहून अधिक माणसं गेली. माझं दार आणि त्यांचा बल्ब यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही, म्हणून ही गोष्ट मी विसरत नाही.

दोघं असाल तर कोण काय करणार हे शब्दांत सांगा. एक उडवणार, दुसरा बिघाड पाहणार. २००९ मध्ये हडसन नदीवर उतरण्याआधी कॅप्टन सलेनबर्गर यांनी विमान हातात घेतलं ते "माय एअरक्राफ्ट" म्हणून, आणि सहवैमानिक स्काइल्स यांनी "युअर एअरक्राफ्ट" म्हटलं. पक्षी धडकल्यापासून पाण्यावर टेकेपर्यंत साडेतीन मिनिटं होती, तरी त्यातला वेळ या चार शब्दांना दिला.

५. बोट ठेवा, नाव घ्या, "हो" ऐका, मगच ओढा

ज्या गोष्टी परत घेता येत नाहीत, म्हणजे इंजिनाची लीव्हर, मास्टर स्विच, आगीचं बटण, त्यांना एकट्याने हात लावायचा नाही. एकाने बोट ठेवून "नंबर एक" म्हणायचं, दुसऱ्याने स्वतः पाहून "कन्फर्म्ड" म्हणायचं. न पाहता म्हटलेलं कन्फर्म्ड हा सगळ्यात वाईट सापळा. आपण घरात "गॅस बंद केलास ना?" ला न बघता "हो" म्हणतो, त्याच जातीचा.

८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ७३७ च्या डाव्या इंजिनाचं पातं तुटलं आणि वैमानिकांनी चांगलं चालणारं उजवं बंद केलं. ते बंद करताना हादरे कमी झाले, म्हणून त्यांना खात्रीच पटली. मागे बसलेल्या लोकांना डाव्या बाजूच्या ठिणग्या दिसल्या होत्या, कॅप्टनची "उजव्या इंजिनाची" घोषणाही त्यांनी ऐकली, पण पुढे जाऊन सांगितलं कोणीच नाही. उतरायच्या बेतात असताना डावं इंजिनही गेलं. ४७ मृत्यू. २०१५ मध्ये तैपेईत तेच झालं, चालू इंजिन मागे ओढलं गेलं.

तुम्ही फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) असाल तर हा मजकूर दोनदा वाचा. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना अडवायचं नसतं, हे रक्तात असतं. कॉकपिटमध्ये ते घरी ठेवून यायचं. सिममध्ये एकदा माझा हात चुकीच्या लीव्हरवर गेला तेव्हा शेजारच्या कॅप्टननी फक्त "कुठलं?" एवढंच विचारलं. तो शब्द मी उचलला आहे. "सर, कुठलं?" यात उद्धटपणा नाही आणि हात मात्र थांबतो.

६. चेकलिस्ट वाचा, पाठ म्हणू नका

मेमरी आयटम संपले की कागद किंवा स्क्रीन. आधी शीर्षक मोठ्याने वाचा आणि समोरच्या दिव्याशी जुळवा, कारण शेजारचं पान उघडणं फार सोपं आहे. मध्येच एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) बोललं तर कुठे थांबलात तिथे अंगठा ठेवा.

वेळ असेल तर तो वापरा. नोव्हेंबर २०१० मध्ये सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए३८० चं इंजिन फुटलं, तेव्हा स्क्रीनवर इशाऱ्यांची रांग लागली. क्रूने त्या निपटायला पन्नासेक मिनिटं घेतली आणि मग ४६९ जणांना सुखरूप उतरवलं. याला अपवाद आग आणि धूर. धूर दिसला की उतरण्याची दिशा आधी पकडायची, चेकलिस्ट वाटेत. १९९८ च्या स्विसएअर १११ च्या तपासात, लगेच वळले असते तरी ते बहुधा पोचले नसते असं निघालं. तरीही धुराच्या बाबतीत सगळ्या व्यवसायाची घाईची व्याख्या त्या अपघाताने बदलली.

७. रेडिओवर लाजू नका

क्रम तिसरा आहे, हे लक्षात ठेवा: उडवा, दिशा धरा, मग बोला. एटीसीने काही विचारलं आणि तुम्ही गुंतला असाल तर "स्टँडबाय" हे पूर्ण उत्तर आहे. मुंबईची फ्रिक्वेन्सी सुट्टीच्या दिवशीच्या दादर स्टेशनसारखी असते. तुमच्यासाठी आपोआप जागा होणार नाही, योग्य शब्दाने मात्र होते.

जीवाला धोका असेल तर "मेडे" तीनदा. तातडीचं आहे पण धोका अजून अंगावर आलेला नाही, तर "पॅन पॅन" तीनदा. मग नाव, काय झालं, काय करणार आहात, कुठे आहात, किती उंचीवर, विमानात किती माणसं. ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर) ७७००. रेडिओ गेला तर ७६००, अपहरणाला ७५००. आहात त्याच फ्रिक्वेन्सीवर बोला, कोणी ऐकत नसेल तर १२१.५.

"थोडा प्रॉब्लेम आहे", "लवकर उतरायला मिळालं तर बरं" अशी भाषा नको. जानेवारी १९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ आव्हियांका ५२ चं इंधन संपत आलं होतं. वैमानिक "प्रायॉरिटी" म्हणाले, "इंधन संपतंय" म्हणाले, "इमर्जन्सी" म्हणालेच नाहीत. ७३ जण गेले. आता नियम स्पष्ट आहे: उतरताना राखीव इंधनाला हात लागणार असं गणित निघालं की "मेडे फ्युएल". "मिनिमम फ्युएल" म्हणजे फक्त आगाऊ सूचना, त्याने प्राधान्य मिळत नाही. आणि मेडे दिल्यावर ते अनावश्यक ठरलं तर रद्द करता येतं. फार तर एक फॉर्म भरावा लागतो.

८. कुठे उतरायचं

हा भाग मुंबईच्या आणि महाराष्ट्राच्या पोरांसाठी सविस्तर.

एका इंजिनाच्या विमानात टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर मागे वळू नका. धावपट्टी मागे दिसत असते, मोह होतो. त्या वळणात उंची इतकी जाते आणि स्टॉलचा वेग इतका वाढतो की कमी उंचीवरून परतणं बहुतेकांना जमत नाही. नाक खाली, ग्लाइडचा वेग, समोर थोडं डावं-उजवं जे मोकळं असेल तिथे.

उंची असेल तर शेत निवडायला वेळ मिळतो. बारामतीकडे वरून हिरवागार गालिचा दिसतो तो बहुतेक ऊस. ऊस माणसापेक्षा उंच असतो, विमान त्यात शिरून आपटतं. कापणी झालेलं बाजरीचं, ज्वारीचं रान चांगलं. नांगरलेलं असेल तर नांगराच्या सऱ्यांच्या दिशेने उतरा, आडवं नको. धुळ्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते आणि जुलैत पुढचं चाक गिळते, म्हणून नाक शक्य तितका वेळ वर धरा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं समजा. वारा कुठून? चुलीचा, पाचट जाळल्याचा धूर बघा. आणि एकदा शेत ठरवलं की बदलू नका. "त्यापेक्षा ते बरं" म्हणत दोन्ही हातची जातात. हे सगळं करताना इंजिन पुन्हा सुरू करायचा प्रयत्न: इंधनाचा नॉब, मिक्श्चर, कार्बोरेटर हीट असेल तर ती, मॅग्नेटो. खूपदा टाकीचा नॉबच चुकलेला असतो. टेकण्याआधी इंधन बंद, मास्टर बंद, दार किंचित उघडं. दार उघडायची एकमेव योग्य वेळ ही.

मोठ्या विमानात मुंबईची अडचण निराळी. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणजे दोन्ही असून एका वेळी एकच. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या पलीकडे गेलं आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली. म्हणून "मुंबई बंद झाली तर?" याचं उत्तर इंधनासकट तयार ठेवा: अहमदाबाद, गोवा, हैदराबाद. ए३२० ला हवेत इंधन सोडता येत नाही. टेकऑफनंतर लगेच परतायचं तर जड वजनानेच उतरायचं किंवा समुद्रावर घिरट्या घालून जाळायचं. एक इंजिन ठीक चालत असेल आणि आग नसेल, तर घाई नाही. घारींमुळे पक्षी धडकणं हे इथलं नेहमीचं दुखणं, त्याचं उत्तर ब्रीफिंगमध्ये हवंच.

आणि गोंधळात धावपट्टीची खात्री करून घ्या. जुहू आणि सांताक्रूझ शेजारी शेजारी आहेत. १९५३ मध्ये एक कॉमेट आणि १९७२ मध्ये एक डीसी-८ सांताक्रूझ समजून चक्क जुहूला उतरली. तेव्हा कोणाचं इंजिन गेलं नव्हतं, काही पेटलं नव्हतं.

९. मागच्या लोकांना सांगा

केबिन क्रूला चार गोष्टी: काय झालं, काय करणार, किती मिनिटांत, खास सूचना काय. मग त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या. प्रवाशांना थोडक्यात आणि शांत आवाजात. इंजिनाची बाजू सांगितलीत आणि कोणी म्हणालं "पण आम्हाला दुसरीकडे दिसलं", तर ते ऐका.

१०. उतरल्यावर

पार्किंग ब्रेक लावून दोन मिनिटं स्वस्थ बसा. मग पेन्सिलीने वेळा लिहा: घंटी कधी, कुठली कृती कधी, उतरलो कधी. रात्री झोपून उठल्यावर आठवण गोष्ट रचायला लागते. टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) बिघाड स्पष्ट शब्दांत: "स्पीड गडबड" नको, "धावताना वेगाचा काटा शून्यावर, टेकऑफ रद्द" असं. संस्थेच्या सेफ्टी विभागाला रिपोर्ट त्याच दिवशी, स्वतःची चूक असेल तर तीही. माझ्या दाराच्या रिपोर्टमध्ये मी आधी "दार उघडलं, परत उतरले" एवढंच लिहिलं होतं. सरांनी कागद परत दिला आणि म्हणाले, मधली दहा सेकंदं राहिली, ती लिही.